माशी

शेगड्याच्या दातांना चामडं लावून नळी आवळली.
रिकामी आहे हे तीनदा पाहिलं,
मग करंगळी घालून चौथ्यांदा.
ही सवय बाबांची. बंदूकही त्यांचीच:
आखूड, खोगिराला टांगायची,
पिस्तुलाचीच गोळी खाणारी कार्बाइन,
धक्का इतका हलका
की अकराव्या वर्षी मला पेलली.

आता मी एकसष्ट.
मागची खाच, टोकाची माशी, पलीकडे कोयोट,
तीन अंतरं,
आणि डोळा एका वेळी एकाशीच इमान राखतो.
तरुणपणी तो थाप मारायचा,
तिन्ही दिसतात म्हणायचा.
आता खाच म्हणजे केसाळ धुकं,
आणि पितळेची माशी तिरप्या उन्हात
कॉफीतल्या साखरेसारखी नाहीशी होते.

मार्चमध्ये तीन कोकरं गेली.
चौथ्याच्या वेळी मी जागी होते.
खांबावर कोपर, अर्धा सोडलेला श्वास,
सगळं शिकवल्याबरहुकूम,
आणि धूळ उडाली ती हातभर डावीकडे.
तो थांबला, वळून बघितलं त्याने माझ्याकडे,
घाई न करता सेजच्या झुडपांत शिरला.

कुठे माशी शिंकली?

माशीच शिंकली होती.
उजव्या अंगाला सरकलेली, नखाच्या कडेएवढी.
पोलोनिओ एचेगोयेन,
उजव्या बुबुळावर काटेरी तारेचा जुना ओरखडा.
सरळ रेघ त्यांना सरळ दिसत नसे.
डोळ्यातली चूक त्यांनी लोखंडात वळती करून घेतली
आणि चाळीस वर्षं नेवाडातल्या एकाही कोयोटाला
तिचा पत्ता लागला नाही.
मला बंदूक मिळाली. ओरखडा नाही मिळाला.

पितळी ठोकणी, लहान हातोडी.
माशी डावीकडून उजवीकडे निघते.
पाचव्या ठोक्याला खोबणीतून सुटली,
आणि तिच्याखालून पडला
पत्र्याचा कपटा, निळा,
सार्डिनच्या डब्यातून कात्रीने कापलेला.
खोबण सैल झाली होती, त्यांनी पाचर घातली होती.
पत्र्यावर छापील माशाचा डोळा, अख्खा,
इतकी वर्षं अंधारात उघडाच.

नवी माशी काळी, चौकोनी, मधे पांढरी रेघ.
मागे आता खाच नाही, कडी.
कडीकडे बघायचं नसतं, कडीतून बघायचं,
मध्य डोळा आपणच शोधतो,
जसं मेंढरू गोठ्याचं दार.
(हे मला शिकायला आठवडा लागला.
मी सारखी कडीकडेच बघत होते.)

नवी माशीही खोबणीत खुळखुळली.
निळा कपटा पुसला, परत घातला.

मिठाच्या ढेपांचं खोकं, पन्नास पावलं.
पहिल्या पाच गोळ्या खाली, मातीत.
माशी उंच तर गोळी खाली.
कानशीचे सहा हात, थांबले.
दोन अजून.
जपून, घासलेलं लोखंड परत उगवत नाही.
मग एक बोट डावीकडे पडू लागल्या.
गोळी जिकडे चुकते तिकडेच ढकलायची पुढची माशी,
चुकीचा पाठलाग करायचा.
मागची कडी हलवायची तर उलट.
बाबा हे बास्कमध्ये सांगायचे, शिव्यांसकट,
आणि शिव्यांशिवाय मला अजून ते आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत पाच भोकं
एका कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ.
हाताला तेलाचा वास, खांदा तसाच.
जुनी माशी बटणांच्या डबीत टाकली,
तिथे तिला कोणी काही विचारणार नाही.

रविवारी एल्कोहून बेनात आला.
धाकटा, चष्मा नवा, मत जुनं.
त्याने पाच झाडल्या, पाचही उजवीकडे.
"वाकडी करून ठेवलीस बाबांची बंदूक."
मी खोक्यापर्यंत चालत गेले,
त्याची भोकं बोटाने मोजली,
उगाच, वेळ काढायला.
वर अ‍ॅस्पेनच्या खोडावर बाबांनी चाकूने कोरलेलं नाव
झाड वाढेल तसं रुंद होत, फाकत गेलेलं,
आता वाचायला चार पावलं मागे जावं लागतं.

परत आले. म्हटलं,
वाकडी नाही रे.
माझी आहे.